रबिंग, पॉलिश आणि वॅक्स : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात उन्हाळ्यापूर्वी मोटारीची काळजी कशी घ्यावी याविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात ‘वॅक्स वर्षातून दोन-तीनदा करावे, पॉलिश मात्र गरज पडली तरच करावे’ असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर मराठवाड्याच्या जवळजवळ सर्व जिल्ह्यांतून पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. ‘कोणत्या कंपनीचा डबा घ्यावा’ असे अनेकांनी विचारले आहे. या सदरात कंपनीचे नाव सांगण्याची प्रथा नाही, त्यामुळे डब्यावर काय वाचावे एवढेच सांगितले आहे.

प्रश्न : माझी गडद निळ्या रंगाची गाडी तीन वर्षांची आहे. सावलीत ती छान दिसते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. गॅरेजवाले म्हणतात, दर सहा महिन्यांनी रबिंग-पॉलिश करून घ्या. दुकानदार म्हणतो, वॅक्स लावा. नेमके काय करावे?
— एक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्याला ही दोन्ही कामे लागणार आहेत, पण एकाच वेळापत्रकाने नव्हे. त्यासाठी गाडीच्या रंगाची रचना आधी लक्षात घ्यावी लागेल. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडचे पेंटर ‘लॅकर’ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला क्लिअर कोट सुमारे 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाच्या डोक्यावरचा केस याहून जाड असतो. गाडीची चमक, पाण्यापासूनचे संरक्षण आणि उन्हातल्या अतिनील किरणांना होणारा अटकाव, हे सगळे या पातळ थरावर अवलंबून असते.

आपण वर्णन केलेले ओरखडे या क्लिअर कोटमध्येच आहेत. प्रत्यक्षात ते गोल नसतात. सर्व दिशांना गेलेल्या सरळ बारीक रेघांपैकी ज्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती प्रकाश परतवतात तेवढ्याच आपल्याला दिसतात आणि म्हणून जाळे गोल भासते. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घर्षणकण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. म्हणजे ओरखडा भरून निघत नाही, त्याच्या भोवतालची पातळी उतरते. रबिंग कंपाउंड हे त्याच जातीचे, पण अधिक भरड. फिरत्या मशीनवर लोकरीचे पॅड लावून भरड कंपाउंडने घासले की एका बैठकीत काही मायक्रॉन सहज जातात, आणि बॉनेटच्या कडा, दाराच्या घड्या अशा ठिकाणी थर मुळातच पातळ असल्याने तिथे रंग उघडा पडण्याची भीती सर्वांत जास्त असते. दर सहा महिन्यांनी असे करत गेलो तर चार-पाच वर्षांत क्लिअर कोट जागोजागी विरतो आणि मग त्याची सालपटे निघू लागतात. त्या अवस्थेला नवा रंग मारण्यावाचून दुसरा उपाय नाही.

वॅक्स याच्या उलट काम करते. ते काहीही काढत नाही. क्लिअर कोटवर एक अत्यंत पातळ थर चढवते. तो थर ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण आणि धूळ यांचा मार स्वतः झेलतो आणि झिजून जातो, आणि झिजला की पुन्हा चढवता येतो.

आपल्या गाडीसाठी सल्ला असा : एकदाच, चांगल्या कारागिराकडून, बारीक पॉलिशने काम करून घ्यावे. मशीन ‘ड्युअल ॲक्शन’ प्रकारचे, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरताना डोलणारे असेल तर उष्णता कमी होते आणि धोका घटतो. काम झाल्यावर एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाने पुसायला सांगावे. पुष्कळदा ओरखडे निघालेले नसतात, तेलकट द्रव्याने ते झाकलेले असतात आणि दोन धुण्यांत परत दिसू लागतात. अल्कोहोलने पुसले की ही लबाडी जागेवरच उघडी पडते. त्यानंतर वॅक्स, आणि पुढे केवळ वॅक्सच. नखाला जो ओरखडा अडकतो तो मात्र काढण्याच्या फंदात पडू नये, तो पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा असतो.

पण हे ओरखडे आले कुठून, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. ते सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसल्याने आले. रात्रभर साचलेली धूळ म्हणजे दगडाचे आणि वाळूचे सूक्ष्म कण. कोरडे फडके ते कण रंगावरून ओढत नेते. सोसायटीत महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणारे एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतात, तेव्हा दहाव्या गाडीवर आधीच्या नऊ गाड्यांची धूळ फिरते. ही पुसणी थांबवली नाही तर पॉलिशवर घातलेले पैसे वाया जातील.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचेच पाणी आहे. गाडी धुतली की काचेवर आणि बॉनेटवर पांढरे ठिपके उमटतात, आणि ते वॅक्स लावूनही जात नाहीत. शिवाय पाणी जपून वापरावे लागते. कमी पाण्यात गाडी कशी धुवावी?
— एक वाचक, लातूर

उत्तर : 2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातल्या वाचकाने गाडी धुण्याआधी पाण्याचा हिशेब विचारावा, हे योग्यच आहे. नळी सोडून गाडी धुण्याची काहीच आवश्यकता नाही. दोन-अडीच बादल्यांत गाडी उत्तम निघते, किंबहुना वॉशिंग सेंटरपेक्षा चांगली निघते.

एका बादलीत गाडीसाठीचा शाम्पू घ्यावा, दुसऱ्या बादलीत साधे पाणी. आधी तांब्याने किंवा फवारणीच्या छोट्या पंपाने गाडी नुसती भिजवून धूळ सैल करावी. फवारणीचा पंप वापरायचा तर तो नवा असावा, तणनाशकाचा घेऊ नये. नंतर मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूच्या पाण्यात बुडवून छतापासून खाली यावे, आणि प्रत्येक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्याच्या बादलीत पिळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा. धूळ साध्या पाण्याच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. दारांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी, वेगळ्या कापडाने. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचे लिक्विड वापरू नये. ते आधीचे वॅक्स धुऊन काढते.

ठिपक्यांचे कारण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. गिझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते तीच ही. म्हणून गाडी उन्हात धुऊ नये आणि वाळू देऊ नये. धुतल्याबरोबर मोठ्या मायक्रोफायबर कापडाने पाणी टिपून घ्यावे. टिपावे, घासू नये. शेवटचा हात आरओच्या किंवा जारच्या अर्ध्या बादली पाण्याने फिरवला तर ठिपके जवळजवळ पडतच नाहीत. पावसाळ्यात घराच्या पत्र्यावरून धरून ठेवलेले पाणी या कामाला सर्वांत उत्तम, कारण त्यात क्षार नसल्यातच जमा असतात.

आता जुने ठिपके. ते वॅक्सने जाणार नाहीत, उलट वॅक्सखाली बंद होतील. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून कापड ओले करावे, सावलीत, थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवावे, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. व्हिनेगरमधले आम्ल क्षार विरघळवते. त्याबरोबर वॅक्सही कमी होते, म्हणून नंतर त्या भागावर वॅक्सचा नवा हात द्यावा लागतो. यानंतरही जर ठिपक्याच्या जागी खोलगट वर्तुळ दिसत असेल, तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे असे समजावे. तिथे तेवढ्यापुरते बारीक पॉलिश वापरणे योग्य ठरेल.

प्रश्न : रोलिंग मिलजवळ आमचे दुकान आहे. पांढऱ्या गाडीवर तांबूस बारीक ठिपके आले आहेत. धुतल्याने जात नाहीत. गाडी गंजू लागली आहे का?
— एक व्यापारी, जालना

उत्तर : गाडीचा पत्रा गंजलेला नाही, गाडीवर येऊन बसलेले लोखंड गंजले आहे. कारखान्यांच्या परिसरात हवेत लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. ते रंगावर चिकटतात, दवाने किंवा पावसाने गंजतात आणि क्लिअर कोटमध्ये रुततात. असे कण ब्रेकमधूनही उडतात, म्हणून चाकांच्या मागच्या भागात ते इतर गावांतल्या गाड्यांवरही दिसतात. जालन्याच्या स्टील उद्योगाजवळ छतावर आणि बॉनेटवरही दिसतील, इतकेच.

यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचे द्रावण मिळते. ते फवारले की लोखंडाच्या कणाशी त्याची क्रिया होऊन जांभळा रंग ओघळू लागतो. पांढऱ्या गाडीवर हे दृश्य घाबरवणारे वाटते, पण तो जांभळा रंग म्हणजे कण सुटत असल्याची खूण आहे. द्रावणाला उग्र वास येतो, हातमोजे घालावेत, उघड्यावर काम करावे आणि ते रंगावर वाळू देऊ नये. उरलेले कण ‘क्ले बार’ या मऊ, मातीसारख्या वडीने निघतात. शाम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग निसरडा करून वडी अलगद फिरवावी, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी आणि खाली पडली तर फेकून द्यावी. काम पूर्ण झाले की नाही हे पाहण्यासाठी पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून बोटे रंगावरून फिरवावीत. उघड्या बोटांना जो खरखरीतपणा जाणवत नाही तो पिशवीतून स्पष्ट जाणवतो. पृष्ठभाग काचेसारखा लागल्यावरच वॅक्स लावावे.

प्रश्न : बाजारात कार्नोबा वॅक्स आहे, लिक्विड वॅक्स आहे, सीलंट आहे, आणि आता प्रत्येक बाटलीवर ‘सिरॅमिक’ आणि ‘नाईन एच’ लिहिलेले असते. भाव दोनशेपासून काही हजारांपर्यंत. आमच्याकडच्या उन्हात यातले काय टिकते?
— एक वाचक, नांदेड. अशाच आशयाची पत्रे हिंगोली आणि सेलूहून

उत्तर : कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्रवते. पाने वाळवून ते झाडून काढतात. वनस्पतिजन्य मेणांत ते अत्यंत कठीण मानले जाते आणि 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते, तर मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांनाच वितळते. ‘शंभर टक्के कार्नोबा’ असे डब्यावर लिहिलेले असले तरी डब्यात केवळ कार्नोबा नसते, नसू शकते; नुसते कार्नोबा इतके कडक असते की ते रंगावर पसरवताच येणार नाही. त्यात तेले, द्रावके आणि इतर मेणे मिसळलेली असतातच. म्हणूनच त्या डब्यातला लेप प्रत्यक्षात अधिक मऊ असतो. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा 42-43 अंशांवर असतो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचे छत 70 अंशांच्या पुढे तापू शकते, आणि अशा छतावर कार्नोबाचा थर महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त काळ धरून राहील अशी अपेक्षा करू नये. दिसायला मात्र त्यासारखे काही नाही. काळ्या, लाल किंवा गडद निळ्या रंगाला त्याने जी खोली येते ती कृत्रिम लेपाला येत नाही, असे माझे मत आहे. दुसरे कोणी वेगळे म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा लेप. तो उष्णता आणि शाम्पू अधिक सोसतो आणि साधारण तीन ते सहा महिने टिकतो. आपल्या हवामानात मी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या आरंभी सीलंट आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कार्नोबा, अशी विभागणी सुचवतो. मधल्या पावसाळ्याच्या तोंडाशी सीलंटचा आणखी एक हात दिला तर चांगलेच. पाण्याचे टपोरे थेंब बनून ओघळत असतील तर लेप शाबूत आहे. पाणी पसरट होऊन बसू लागले की तो संपला. मात्र गाडी धुळीने माखलेली असतानाही थेंब बनत नाहीत, म्हणून ही परीक्षा धुतलेल्या गाडीवर करावी.

डबा घेताना एक गोष्ट नीट वाचावी. ‘क्लीनर वॅक्स’, ‘पॉलिश अँड वॅक्स’, ‘थ्री इन वन’ असे लिहिले असेल तर त्यात घर्षणकण असण्याची शक्यता मोठी आहे. पाच-सहा वर्षांच्या, किंचित मंदावलेल्या पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला वर्षातून एकदा ते चालते. नव्या किंवा काळ्या गाडीवर दर दोन महिन्यांनी ते वापरणे म्हणजे नकळत रबिंग करत राहणे होय.

सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेले असते, क्लिअर कोटला घट्ट धरते आणि योग्य रीतीने लावले तर वर्ष-दोन वर्षे टिकते. ‘नाईन एच’चा अर्थ मात्र लोक चुकीचा लावतात. ही श्रेणी पेन्सिलींच्या कठीणपणाची आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली लेपावर ओढून ती ठरवतात. रत्नांच्या कठीणपणासाठी वापरल्या जाणाऱ्या मोह्झ श्रेणीशी, ज्यात 9 वर कोरंडम म्हणजे माणिक-नीलम येतात, तिचा काही संबंध नाही. त्यामुळे सिरॅमिक लावलेल्या गाडीवरही धुळीतल्या वाळूचे ओरखडे उठतात आणि बोअरच्या पाण्याचे ठिपकेही पडतात. गाडी बंदिस्त जागी उभी राहत असेल आणि धुण्याची पद्धत आधीच चांगली असेल तर खर्च सार्थकी लागतो; उघड्यावर उभ्या राहणाऱ्या आणि कोरड्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या गाडीवर तो करू नये. स्प्रेच्या स्वस्त बाटलीवर ‘सिरॅमिक’ लिहिलेले असेल तर ती बाटली सीलंटच्या भावातच घ्यावी आणि सीलंटइतकीच टिकेल असे समजावे.

प्रश्न : वॅक्स लावल्यावर गाडीवर पांढरट पट्टे राहतात आणि बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडतात. माझे काय चुकते?
— एक वाचक, बीड

उत्तर : बहुधा दोनच गोष्टी चुकत आहेत. वॅक्स जास्त लागते आहे आणि पत्रा गरम असताना लागते आहे.

बॉनेटवर तळहात ठेवावा. तो गार लागला तरच डबा उघडावा. उन्हाळ्यात ही वेळ सकाळी साडेसात-आठपर्यंतच मिळते, संध्याकाळी सावलीतही पत्रा बराच वेळ कोमट राहतो. फोमचे गोल पॅड किंचित ओलसर करून डब्यातल्या वॅक्सवर अर्धाच फेरा फिरवावा. बोटाच्या पेराएवढा गोळा उचलण्याची सवय पुष्कळांना असते, तेवढ्यात जवळजवळ अर्धी गाडी होते. पॅड रंगावर हलक्या हाताने, सरळ रेषेत, एकावर एक थोडे येईल असे फिरवावे. लेप इतका पातळ असावा की तिरक्या नजरेने पाहिल्यावरच तो धुक्यासारखा दिसावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने लेप लवकर वाळतो, म्हणून सगळी गाडी एकदम न माखता अर्धे बॉनेट, एक दार, असे भाग घ्यावेत. थोड्या वेळाने लेपावरून बोट एकदा ओढून पाहावे : बोटाखालचा रंग स्वच्छ, चकचकीत निघाला तर पुसण्याची वेळ झाली, चिकट रेघ उमटली तर अजून थांबावे. पुसायला मऊ, दाट मायक्रोफायबर कापड घ्यावे, चार घड्या करावे आणि बाजू बदलत राहावे. एका बाजूने जाड लेप पुसावा, दुसऱ्या बाजूने चमक आणावी. पट्टे तरीही राहिले तर त्यावर आणखी घासू नये. कापड जरासे ओले करून पुसले की ते जातात.

प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, दाराच्या रबरांवर आणि बंपरच्या खडबडीत भागावर आधीच कागदी टेप लावून घ्यावी. पडलेले पांढरे डाग शाळकरी मुलांच्या खोडरबराने बऱ्याच अंशी निघतात. समोरच्या काचेवर वॅक्स लावू नये, वायपर फिरला की काच धुरकट होते. गाडीचा रंग मॅट असेल तर वॅक्सही नको आणि पॉलिशही नको. दोन्हींनी त्यावर कायमचे चकाकते चट्टे पडतात.

प्रश्न : औष्णिक केंद्रामुळे गाडीवर राखेचा थर बसतो. डस्टरने झटकली तर चालेल का?
— एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : चालणार नाही. कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिनाचे काचेसारखे कठीण कण असतात, आणि डस्टर ते रंगावर फिरवतो. आधी पाण्याने राख वाहवून द्यावी. पाण्याची सोय नसेल तर त्या दिवशी गाडी तशीच राहू द्यावी. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या परिसरात पडणाऱ्या काजळीलाही हेच उत्तर लागू आहे, फक्त ती तेलकट असेल तर शाम्पू लागतो. गाडीवर वॅक्स असेल तर राख आणि काजळी दोन्ही पाण्याबरोबर पुष्कळ सहज सुटतात.

प्रश्न : शेतातल्या आखाड्यावर गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी असते. वरून चिकटा पडतो, पक्ष्यांची घाण पडते. झाड सोडून उन्हात लावावी का?
— एक शेतकरी, परभणी

उत्तर : सावली सोडू नये, पण घाण त्याच दिवशी काढावी. कापसावरच्या माव्यामुळे जसा चिकटा येतो, तसाच झाडावरच्या किडीच्या गोड स्रावाने हा येतो. ओल्या कापडाने ताजा असताना सहज निघतो, उन्हात भाजला की रंगाला धरतो. पक्ष्यांची विष्ठा अधिक घातक आहे. ती आम्लधर्मी असते, शिवाय उन्हात मऊ होऊन प्रसरण पावलेला क्लिअर कोट संध्याकाळी तिच्याभोवती आकसतो आणि तिचा ठसा कायमचा उमटतो. गाडीत पाण्याची बाटली आणि एक कापड ठेवावे. कापड ओले करून डागावर पाच मिनिटे पसरून ठेवावे, मग उचलावे, खरवडू नये. या गाडीला कार्नोबापेक्षा सीलंट बरे.

प्रश्न : दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि तुळजापूरला गेलो की बॉनेटवर हळद-कुंकू वाहिले जाते. पांढऱ्या गाडीवर त्याचे डाग महिनोन्‌महिने राहतात. काय करावे?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : पूजा अवश्य करावी, फक्त दोन-तीन दिवस आधी वॅक्स करावे. लेप असलेल्या रंगात हळद-कुंकू मुरत नाही. पूजा झाल्यावर शक्य तर त्याच संध्याकाळी, आधी कोरडे कुंकू पाण्याने वाहवून आणि मग शाम्पूने, बॉनेट धुवावे. कपड्यांचा साबण लावू नये. साबणामुळे हळद लाल होते हे घरोघरी ठाऊक आहे आणि मग एका डागाचे दोन डाग होतात. हळदीचा उरलेला पिवळेपणा काही दिवस ऊन लागले की आपोआप फिकट होतो. कुंकवाचे तसे नाही. हल्लीच्या कुंकवात पुष्कळदा कृत्रिम रंग असतो, आणि तेलात कालवून स्वस्तिक काढले असेल तर तो अधिकच धरतो. तिथे थोडे क्लीनर वॅक्स कापडावर घेऊन तेवढ्या जागेपुरते फिरवावे. झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी उतरवावा. भिजलेल्या फुलांचा रंग उतरतो आणि हाराची तार वाऱ्याने रंगावर घासत राहते.

प्रश्न : अपघातानंतर एक दार नव्याने रंगवून घेतले. लगेच वॅक्स करावे का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नाही. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातली द्रावके पुढे काही आठवडे हळूहळू उडत असतात आणि वॅक्स त्यांची वाट अडवते. किमान दोन महिने त्या दारावर केवळ पाणी आणि शाम्पू. बाकी गाडीला वॅक्स करण्यास हरकत नाही.

प्रश्न : वडिलांची जुनी पांढरी मारुती 800 आहे. रंग खडूसारखा झाला आहे, हात लावला की पांढरी भुकटी लागते. रंग मारावा का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : घाई करू नये. जुन्या काळच्या साध्या रंगाच्या गाड्यांवर बहुधा वेगळा क्लिअर कोट नसे. वरचा थर रंगाचाच असे. उन्हाने त्याच्या पृष्ठभागातले बांधणारे द्रव्य जळते आणि रंगद्रव्य सुटे होऊन हाताला लागते. ओल्या कापडावर थोडे बारीक पॉलिश घेऊन टपाच्या एका कोपऱ्यावर हाताने फिरवावे. कापडावर पांढरा रंग आला आणि खालून दुधासारखा गुळगुळीत थर निघाला, तर गाडीचा रंग जिवंत आहे. सबंध गाडी मशीन न लावता, हातानेच, एकेक दार करत पॉलिश करावी. खांदे भरून येतील, पण निकाल पाहण्यासारखा लागतो. असा रंग उघडा असल्याने लगेच त्याच दिवशी वॅक्स लावणे अत्यावश्यक आहे आणि पुढे ते दर दोन महिन्यांनी लावावे लागेल. कापडावर तांबडा किंवा करडा रंग येऊ लागला तर तिथेच थांबावे, कारण प्रायमर लागला आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाण्यात थोडे डिझेल किंवा रॉकेल घालून गाडी पुसतात. चमक चांगली येते. हे वॅक्सच नव्हे का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : ती चमक तेलाची आहे. दुपारपर्यंत तिच्यावर धूळ बसते, रबरे फुगतात आणि असलेले वॅक्स विरघळून जाते. नव्या रस्त्यावरचे डांबर उडून चिकटले असेल तर त्या ठिपक्यापुरते रॉकेल कापडाच्या टोकाला लावून डाग काढावा आणि लगेच शाम्पूने धुवावे. रॉकेलचा याहून अधिक उपयोग गाडीच्या रंगाला नाही.

प्रश्न : वॅक्सची कापडे आणि पॅड पुन्हा वापरता येतात का?
— एक वाचक, वसमत

उत्तर : येतात. कापडे घरच्या कपड्यांत न मिसळता कोमट पाण्यात लिक्विड डिटर्जंटने वेगळी धुवावीत. फॅब्रिक कंडिशनर घालू नये, त्याने मायक्रोफायबरचे तंतू बुजतात. सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत, दोरीवर लोंबकळत ठेवू नयेत. चाकांचे कापड वेगळ्या रंगाचे असावे म्हणजे अदलाबदल होत नाही. पॅडही तसेच धुवावे. वॅक्स करताना पॅड किंवा कापड जमिनीवर पडले तर कितीही झटकले तरी ते न धुता पुन्हा रंगाला लावू नये, म्हणून कामाला बसतानाच दुसरे पॅड आणि दोन जादा कापडे हाताशी घेऊन बसावे.